तुमचा कंडक्टर, आमचा ड्रायव्हर

पत्र :

"मी बेळगावच्या वडगावात राहते. वय चव्वेचाळीस. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत हिशेब बघते. २००६ साली मी आणि माझी मैत्रीण एकाच महिन्यात इथं कामाला लागलो. ती कन्नड, पण माझ्याशी कायम मराठीतच बोलत आली. सोळा वर्षं आम्ही एकाच सिटी बसनं ये-जा केली. जाताना पंचवीस मिनिटं, येताना पंचवीस, मधे अर्धा तास डबा एकत्र. २०२२ला तिनं नोकरी बदलली, रामतीर्थनगरला घर बांधलं. मग चौघींचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि सणासुदीला भेट, एवढंच राहिलं.

२०२५च्या फेब्रुवारीत बसमध्ये भाषेवरून कर्नाटकच्या कंडक्टरला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांच्या गाड्या बंद पडल्या, ते तुम्हाला ठाऊक आहेच. माझा मावसभाऊ एसटीत ड्रायव्हर आहे. एसटीच्या ड्रायव्हरला काळं फासल्याची बातमी आली त्या रात्री त्याचा फोन दोन तास लागत नव्हता. मी रडकुंडीला आले. तेवढ्यात मैत्रिणीचं स्टेटस दिसलं, कन्नडमध्ये : 'नम्म कंडक्टरगे न्याय सिगलि.' शेजारच्या मुलानं अर्थ सांगितला, आमच्या कंडक्टरला न्याय मिळो. (तिची मुलगी मिरजेला नर्सिंगला असते, ती तेव्हा तिकडंच होती.) माझं डोकं फिरलं. रात्री साडेअकराला तिला लिहिलं, 'तुमचा कंडक्टर, मग आमचा ड्रायव्हर कुणाचा?' आणि पुढं बरंच. १९५६ पासूनचं सगळं काढलं. एक व्हिडिओ तिला पाठवला, चौघींच्या ग्रुपवर आणि आणखी तीन ठिकाणी टाकला. दोन दिवसांनी कळलं, तो व्हिडिओ जुना होता. तिनं सगळं वाचलं, उत्तर दिलं नाही. मी ग्रुपमधून बाहेर पडले. पाडवा गेला, त्याच दिवशी तिचं युगादी. दोघींनीही काही पाठवलं नाही. गणपतीही झाले.

नवरा म्हणतो, बरं झालं, खरं रूप कळलं. मला मात्र झोप लागत नाही. सीमाभागाची कसलीही बातमी आली की हात थरथरतात आणि तरी फोन खाली ठेववत नाही. ही मैत्री संपली का? की ती कधी नव्हतीच?"

— एक वाचक, वडगाव

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात मैत्रिणीच्या मुलीचा उल्लेख कंसात आला आहे. सुरुवात तिथूनच करू.

त्या रात्री तुमचा भाऊ गाडी घेऊन रस्त्यावर होता म्हणून तुमचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याच रात्री तिची लेक मिरजेला होती, कन्नड घरातली मुलगी, आणि घरी यायच्या गाड्या बंद. दोघींच्या पोटात एकाच वेळी गोळा आला असणार. तुम्ही तिला भावाचं सांगितलं नाही आणि तिच्या मुलीचं विचारलं नाही. कंसातलं ते वाक्य तुम्हाला आज आठवतंय, त्या रात्री आठवलं नव्हतं, आणि तुमची झोप बहुधा त्यामुळंच उडाली आहे. स्टेटसवरचा राग सात महिने टिकत नाही. 'विचारायचं राहून गेलं' हे टिकतं.

आता त्या 'नम्म'कडे या. मराठीत 'आपला' आणि 'आमचा' हे दोन वेगळे शब्द आहेत. 'आपला' म्हटलं की समोरचा त्यात आला, 'आमचा' म्हटलं की तो बाहेर राहिला. आजच्या कन्नडमध्ये हा भेद नाही. 'नम्म' म्हणजे आपला आणि 'नम्म' म्हणजेच आमचा. शेजारच्या मुलानं 'आमच्या कंडक्टरला' असा अर्थ लावला. तो चूक नाही, पण 'आपल्या कंडक्टरला' असाही अर्थ तितकाच बरोबर ठरला असता. तिच्या मनात कुठला होता हे त्या शब्दावरून कुणालाच सांगता येणार नाही, ते फक्त तिला ठाऊक. मूळ वाक्यात नसलेली भिंत भाषांतरात उभी राहिली आणि तुम्ही उत्तर लिहिलंत ते त्या भिंतीला.

तुमच्या मेसेजमध्ये आणखी एक गोष्ट घडली. स्टेटस सगळ्यांना दिसतं, ते एकट्या तुमच्यासाठी नव्हतं. तुमचा मेसेज मात्र तिच्या एकटीच्या फोनवर गेला, आणि त्यात '५६ पासूनचा सगळा जाब तिच्या एकटीकडे मागितलेला होता. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग १९६६मध्ये नेमला गेला, तेव्हाही नाही. या भागातल्या मराठी माणसाला जे सोसावं लागलं ते खरं आहे, त्याबद्दल बोलायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण तो हिशेब सरकारशी आहे. डबा वाटून खाणाऱ्या बाईला सरकारचा प्रतिनिधी करून टाकलं की तिच्यापुढं दोनच वाटा उरतात, भांडायचं किंवा गप्प बसायचं. ती गप्प बसली. हे लक्षात घ्या, तिनं तुम्हाला ब्लॉक केलेलं नाही आणि उलट शिवीगाळही केलेली नाही.

मैत्री कधी नव्हतीच का, असं विचारता. तुम्ही हिशेब बघता, तर हिशेबच मांडू. जाता-येता पन्नास मिनिटं आणि डब्याची तीस, म्हणजे दिवसाला ऐंशी. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर तेहतीस तासांहून जास्त. असे सोळा वर्षं. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८मध्ये मैत्रीला लागणाऱ्या वेळाचा अभ्यास मांडला. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास लागतात, खरी मैत्री म्हणण्याइतकी व्हायला सुमारे ९०, आणि जवळची व्हायला २००च्या वर. तुमचे दोनशे तास नोकरीच्या पहिल्या सात महिन्यांतच भरले होते. त्यामुळं 'नव्हतीच' हा प्रश्न बाद.

पण २०२२ नंतरचे आकडे बघा. सणाला भेट म्हणजे वर्षातून चार वेळा, दर वेळी दोन तास, त्यातही घरची माणसं आजूबाजूला. वर्षाला आठ तास. पूर्वीचा आठवडाभराचा वेळ आता वर्षभर पुरवायचा. बाकी सगळा ग्रुप, तिथं गुड मॉर्निंग आणि फॉरवर्ड. फेब्रुवारीच्या आधीच दोरी विरली होती, त्या रात्री तिला फक्त हिसका बसला. सिटी बसनं एकत्र जाणं चालू असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही एकाच बाकावर बसला असता, ती म्हणाली असती, "काय लिहिलीस गं रात्री," आणि आरपीडी कॉर्नर यायच्या आत निम्मं मिटलं असतं. रोजच्या सहवासात भांडणं रोजच्या रोज झिजतात. लांब गेलेल्या मैत्रीत ती साठतात. बदललेल्या नोकऱ्यांनी, बांधलेल्या घरांनी, मुलांच्या शिक्षणानं चाळिशीनंतर बहुतेक मैत्र्या अशाच पातळ होतात, आणि मग एखादी बातमी येते आणि सगळं खापर तिच्यावर फुटतं.

नवऱ्याशी यावरून वाद घालू नका. त्यांना तुमचा त्रास दिसतो, त्यावर त्यांनी लावलेलं ते औषध आहे. औषध चुकीचं आहे, एवढंच.

थोडं बातम्यांविषयी, कारण हात थरथरणं थांबल्याशिवाय मैत्रिणीला लिहायला बसू नका. २०१३ साली अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ त्याच बातम्या पाहत बसलेल्या लोकांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं मोजली गेली, ती प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्या लोकांपेक्षाही जास्त निघाली. तोच प्रसंग पुन्हापुन्हा पाहिला की धोका शंभरदा आला असं शरीर धरून चालतं. छाती धडधडते, हाताला कंप येतो, आणि आता काय झालं ते बघितलं तर बरं वाटेल म्हणून आपण पुन्हा फोन उघडतो. बरं वाटत नाही.

करायचं ते असं. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आहे, तिथं फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा. आपण बोट लावल्याशिवाय व्हिडिओ उघडणार नाही, तेवढ्या एका क्षणात माणूस विचार करू शकतो. बातम्यांचे जे तीन-चार ग्रुप आहेत ते कायमचे म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका, बाहेर पडायची गरज नाही. बातम्या दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटं, सकाळी वर्तमानपत्रातून आणि संध्याकाळी सातच्या आत. व्हिडिओ बघण्यापेक्षा वाचा. वाचताना आपला वेग आपल्या हातात राहतो, व्हिडिओत तो दुसऱ्याच्या हातात जातो. रात्री नऊनंतर फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, उशाला नको. पहिले चार-पाच दिवस हात शिवशिवतील, मग कमी होईल.

व्हिडिओ आलाच, तर आधी त्याच्यावरचा शिक्का बघा. दोन बाण आणि 'बऱ्याचदा फॉरवर्ड केलेला' अशी खूण असेल तर तो तुमच्यापर्यंत यायच्या आधी खूप हातांतून फिरला आहे. असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो, हे बंधन व्हॉट्सॲपनं २०२०मध्ये घातलं ते कोरोनाच्या काळातल्या अफवांमुळं. मग गाडीची नंबरप्लेट बघा. बेळगावची केए २२, कोल्हापूरची एमएच ०९. दुकानांच्या पाट्या कुठल्या लिपीत आहेत, लोकांनी स्वेटर घातलेत की छत्र्या धरल्यात. फेब्रुवारीच्या व्हिडिओत छत्र्या दिसल्या तर तो फेब्रुवारीचा नाही. एक चित्र थांबवून त्याचा स्क्रीनशॉट गूगल लेन्समध्ये टाकला की तेच चित्र आधी कुठं येऊन गेलंय का ते बऱ्याचदा दिसतं. एवढं करूनही खात्री नसेल तर सकाळपर्यंत थांबा. सकाळी वर्तमानपत्रात त्यातलं काय आलं आणि काय आलं नाही, तेच पुष्कळ सांगतं.

तुम्ही तो जुना व्हिडिओ चार ठिकाणी टाकलात. सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत दोन दिवसांच्या थोडी पुढं असते, ती केव्हाच गेली. तरी ज्या ग्रुपमध्ये अजून आहात तिथं एक ओळ टाका : "फेब्रुवारीत मी बसचा व्हिडिओ टाकला होता, तो जुना निघाला. पुढं पाठवू नका." खुलासे नकोत, एवढंच. कुणी हसेल, बहुतेक जण काहीच म्हणणार नाहीत. कायद्याच्या बाजूनंही हे बरं. भाषा, धर्म, जन्मस्थान यांवरून दोन गटांत वैर वाढवणारा मजकूर पसरवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. 'मी बनवला नाही, नुसता पुढं पाठवला' एवढ्यानं सुटका होईल असं समजू नका.

बातमी खरीच असेल आणि आपलं माणूस रस्त्यावर असेल, तर तुम्हाला हव्या असलेल्या गोष्टी दोनच : रस्ता चालू आहे का, आणि माणूस कुठं आहे. बाकी सगळं नंतर. भावाच्या डेपोच्या चौकशीचा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा. कोगनोळी नाक्यापर्यंत गाड्या जातात की निपाणीलाच थांबवतात, शिनोळीचा रस्ता मोकळा आहे का, हे डेपोवाले सांगतील, ग्रुपवाले नाही. गाडी चालवताना ड्रायव्हर फोन उचलत नाही हेही घरच्यांनी त्या वेळी आठवावं. तो दोन तासांचा न लागणारा फोन बहुतेक वेळा एवढ्याच कारणानं लागत नसतो. त्याच्याशी ठरवून ठेवा, गडबड ऐकली की पहिल्या थांब्यावर 'ठीक' एवढा एक शब्द टाकायचा.

हे सगळं पंधरा दिवस करूनही झोप आली नाही, जेवण जाईना, विनाकारण दचकायला होऊ लागलं, तर १४४१६ला फोन लावा. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, सुरुवातीला भाषा निवडता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर बघतात, तिथं गेलात तरी चालेल. बीपी वाढल्यावर जातो तसंच.

आता मैत्रिणीला काय लिहायचं. फोन करू नका. सात महिन्यांनी अचानक फोन वाजला की समोरचं माणूस बावरतं आणि तोंडाला येईल ते बोलतं. मेसेज वाचायला तिला वेळ मिळतो. ऑडिओ नको, त्यात तुमचा आवाज भरून येईल आणि तो सांभाळायचं ओझं तिच्यावर पडेल. लिहा, सकाळी दहा-अकराच्या सुमारास, असं काहीतरी :

"त्या रात्री मी रागात लिहिलं. लेक तिकडं होती, ती कशी आहे एवढं मी आधी विचारायला पाहिजे होतं, विचारलं नाही. माझं चुकलं. व्हिडिओही जुना होता, तो मी पुढं पाठवला, तेही चुकलं. आता लेक कशी आहे? तुला भेटावंसं वाटतंय. रविवारी सकाळी किल्ला तलावावर येतीस काय? नाही तर तू सांगशील तेव्हा."

यात 'पण' कुठंच नाही, बघा. 'पण तुझं स्टेटसही' असं आलं की आधीचं सगळं पुसलं जातं. 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी' हेही नको. त्यात चूक तिच्या वाईट वाटण्याची ठरते. तुमच्या भावाचा विषयही इथं घालू नका, तो भेटीत येऊ द्या, नाही तर तो सबबीसारखा वाचला जातो. 'दोन्हीकडची माणसं वाईटच' असली मलमपट्टी तर अजिबात नको, त्यानं ना तिचं दुखणं मान्य होतं ना तुमचं. चुका नेमक्या लिहिल्यात, दोनच. तिसरी शोधून स्वतःला झोडपून घेतलंत तर तिला तुमची समजूत काढत बसावं लागेल.

मग थांबा. दोन निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही, तर दहा-बारा दिवस काहीही करू नका. तिच्या बाजूनं बघा : चाळीस ओळी पचवायला तिला सात महिने लागलेत, सहा ओळींवर विश्वास ठेवायला आठवडा लागू द्या. उत्तर 'बरी आहे' एवढंच आलं तरी ते उत्तर आहे. त्यावर भेटीचं पुन्हा एकदा, एकदाच विचारा.

भेट घरी नको, तिच्याही नाही आणि तुमच्याही. चहा, फराळ, सासूबाई, नवरे, यांत खरं बोलणं होत नाही. तलावाची फेरी चांगली, व्हॅक्सिन डेपोची झाडी त्याहून चांगली. शेजारी-शेजारी चालताना समोरासमोर डोळ्यांत बघावं लागत नाही, अवघड वाक्य तोंडातून सुटतं. तुमची सोळा वर्षांची सवयही तशीच आहे, बसच्या बाकावर तुम्ही शेजारीच बसत होतात. दीड तास पुरे. पहिला तासभर लेकीचं, नव्या नोकरीचं, घराच्या हप्त्यांचं बोला. फेब्रुवारीचा विषय शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत काढा, आणि तो विचारण्यापासून सुरू करा : "त्या रात्री तू कुठं होतीस? लेकीशी बोलणं झालं होतं काय?" तिचं पूर्ण ऐकून झाल्यावर तुमचा भाऊ. त्यानंतर वाटलं तर 'नम्म'चं विचारा, जाब म्हणून नको, शब्दाचा अर्थ म्हणून.

सीमाप्रश्नावर तुमचं एकमत होणार नाही, आणि त्याची गरजही नाही. महाराष्ट्रानं २००४मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. न्यायालयाचं काम दोन मैत्रिणींनी व्हॅक्सिन डेपोच्या फेरीत उरकायचं नसतं. एक गोष्ट मात्र दोघींनी ठरवून टाका : इथून पुढं कुठंही काही झालं की एकमेकींना जाणारा पहिला मेसेज 'घरचे सगळे कुठं आहेत?' हाच असेल. मत, राग, निषेध, सगळं त्या उत्तरानंतर. आणि या विषयावरचं एकही फॉरवर्ड एकमेकींना जाणार नाही. स्वतःच्या शब्दांत लिहायला कष्ट पडतात, तेवढ्या वेळात राग एक पायरी उतरतो.

आपल्याकडचे तंग दिवस आधीच ठाऊक असतात, ही एका परीनं सोयच आहे. १७ जानेवारी आणि १ जून, दोन्ही सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचे. डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधमधलं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन. आणि सगळ्यांत अवघड १ नोव्हेंबर. त्या दिवशी याच शहरात एकीकडं काळ्या दिनाची निषेध फेरी निघते आणि दुसरीकडं लाल-पिवळे झेंडे घेऊन राज्योत्सवाची मिरवणूक. तुम्ही फेरीला जात असाल तर जा, ती मिरवणुकीला जात असेल तर जाऊ दे, दोघींनी एकमेकींसाठी घरी बसायचं कारण नाही. फक्त ३१ ऑक्टोबरलाच एकमेकींचं स्टेटस म्यूट करा, आणि हे तिला सांगून करा. नंतर तिला कळलं तर तोही एक डाव वाटेल. ३ किंवा ४ तारखेला भेटायचं आधीच ठरवून ठेवा. भेट ठरलेली असली की मधले दोन दिवस सोपे जातात.

ग्रुपमधल्या बाकी दोघींना मध्ये घालू नका. "ती माझ्याबद्दल काही म्हणाली काय" हे विचारणं बंद करा. त्या सात महिने दोन्ही बाजूंनी ऐकून थकल्या असतील. तुमची आणि तिची भेट झाल्यावरच परत घ्यायला सांगा.

हे सगळं करूनही ती नको म्हणाली तर? तो तिचा हक्क आहे, आणि तुमची माफी त्यामुळं वाया गेली असं होत नाही. तिनं भेटून तुमच्या भाषेची, तुमच्या मुलांची टवाळी केली, किंवा मराठी माणसाविषयी तुम्हीही तिच्यासारखंच बोलावं असा हट्ट धरला, तर तुम्ही स्वतः मागं सरका, तिथं मैत्री ओढत बसू नका. पण तिचं मत वेगळं निघालं, एवढ्यावर मागं सरू नका. बहुधा यातलं काहीच होणार नाही. बहुधा पूर्वीसारखी रोजची मैत्री परत येणार नाही आणि महिन्यातून एक फेरी, दीड तास, एवढी राहील. वर्षाला अठरा तास. आठच्या दुपटीहून जास्त.

एक अवघड गोष्ट राहिली. एकोणीस वर्षांत तिनं तुमच्याशी मराठीत बोलायचं सोडलं नाही, आणि तिची एक ओळ वाचायला तुम्हाला शेजारचा मुलगा लागला. १९८६मध्ये इथल्या माणसांनी कन्नडसक्तीविरुद्ध लढताना जीव दिले, ते कुणी विसरू नये. सक्तीला विरोध वेगळा आणि मैत्रिणीची भाषा आपल्या मर्जीनं शिकणं वेगळं. कन्नड लिपी रोज अर्धा तास गिरवली तर दीड-दोन महिन्यांत पाट्या वाचता येतात, वर्णमालेचा क्रम आपलाच आहे. तिचं पुढचं स्टेटस तुम्ही स्वतः वाचावं, एवढ्यासाठी तरी करा.

दसरा तीन आठवड्यांवर आहे. मेसेज या आठवड्यात गेला तर तोवर भेट झालेली असेल, नसली तर दसरा हेच निमित्त. आपण आपट्याची पानं देतो, त्यांच्याकडं बन्नीची, म्हणजे शमीची, देतात. आपण म्हणतो, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. त्यांच्याकडं म्हणतात, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण." बन्नी घेऊन सोन्यासारखं राहूया. शेवटचा शब्द नीट ऐका, 'इरोण', राहूया, त्यात दोघीही येतात. हे एवढं वाक्य पाठ करून जा. उच्चार चुकला तर ती दुरुस्त करील.